निरोपाचे बंदर

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा एकच अट घातली. "प्रवासवर्णन लिहा, पण नुसते हवापाणी आणि खाणेपिणे नको. इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकविलात, तर आम्हांला इतिहास सांगा." अट मला मानवली, कारण ज्या गावाविषयी मी लिहिणार आहे ते इतिहास बाजूला ठेवून पाहताच येत नाही. माझी धाकटी मुलगी नोकरीनिमित्त आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॉर्क शहरी असते. २०२३ सालच्या मे-जून महिन्यांत तिच्याकडे माझा सहा आठवडे मुक्काम झाला. ती सकाळी कामावर जाई; मग मी छत्री, पाण्याची बाटली आणि एक वही घेऊन बाहेर पडत असे. त्या वहीतून हा लेख उतरविला आहे.

कॉर्क हे आयर्लंडच्या प्रजासत्ताकातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. त्याच्या मूळ आयरिश नावाचा अर्थ दलदल असा आहे, आणि ते नाव सार्थ आहे. ली नावाची नदी शहराशी येताच दुभंगते, आणि तिच्या दोन फाट्यांमधल्या बेटांवर जुने शहर वसलेले आहे. सेंट फिनबार नावाच्या साधूने येथे मठ स्थापिला असे परंपरा सांगते. नवव्या शतकात उत्तरेकडून व्हायकिंग लोक होड्या घेऊन लुटायला आले आणि पुढे व्यापारी होऊन राहिले. ११८५ साली शहराला इंग्रजांची सनद मिळाली. पण हे शहर खरे वाढले ते अठराव्या शतकात, आणि तेही पाण्यावर. आज जेथे मोटारी धावतात ते कित्येक रस्ते तेव्हा नदीचे प्रवाह होते. मुख्य बाजाररस्ता पॅट्रिक स्ट्रीट असा वळणे घेत जातो की, पाहणाऱ्याला नवल वाटावे. पण तो पूर्वीचा प्रवाहच होय, आणि पाणी सरळ वाहत नाही! साउथ मॉल नावाच्या रस्त्यावर जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांचे दरवाजे पायऱ्या चढून वर आहेत. खाली होड्या आत घ्यायच्या कमानी होत्या. व्यापारी वर राहत आणि त्यांचा माल खाली पाण्याने येई.

गाव मोठे हसते-बोलते. जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो, आणि संध्याकाळी रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कोणी फिड्ल, कोणी बासरी वाजवीत उभे असते. लोकांच्या बोलण्याला एक हेल आहे. वाक्य चढते, उतरते आणि पुन्हा चढते. बसच्या थांब्यावर शेजारी उभी असलेली बाई ओळखदेख नसता "आज पाऊस थांबला बरं का" म्हणून बोलायला लागते, आणि बस येईपर्यंत आपल्याला तिच्या नातवंडांची नावे पाठ होतात. टेकडीवर १७२२ साली बांधलेले शँडनचे देऊळ आहे. त्याच्या मनोऱ्याला चार बाजूंनी चार घड्याळे असून त्यांचे आपसांत पटत नाही, म्हणून गावकऱ्यांनी त्या मनोऱ्याला ‘चार तोंडांचा लबाड’ असे नाव ठेविले आहे. तेथे कोणाही पाहुण्याला दोर ओढून घंटा वाजविता येतात. मीही वाजविल्या. खालच्या गल्लीतले लोक रोजचा तो बेसूर कसा सोसतात, कोण जाणे!

नदीजवळच १७८८ सालापासून चालत आलेली ‘इंग्लिश मार्केट’ नावाची झाकलेली मंडई आहे. मासळी, चीज, पाव, भाज्या यांची तेथे रेलचेल असते. मला विशेष वाटले ते लोणी चोळलेल्या अंड्यांचे. कोंबडीने नुकतेच घातलेले, अजून ऊब असलेले अंडे लोणी लावलेल्या तळहातांत फिरवायचे, म्हणजे कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि अंडे पुष्कळ दिवस ताजे राहते. शीतकपाट येण्यापूर्वीची ही बायकांची युक्ती आजही तेथे विकत मिळते.

लोण्याची गोष्ट निघालीच आहे, तर ती पुरी सांगते, कारण कॉर्कच्या वैभवाचे मूळ तेथे आहे. शँडनच्या देवळाजवळ १७७० साली लोण्याची पेठ सुरू झाली, आणि एकोणिसाव्या शतकात तिची जगातील सर्वांत मोठी लोण्याची पेठ अशी ख्याती झाली. दक्षिण आयर्लंडच्या डोंगराळ भागातून शेतकरी लाकडी पिपे भरभरून खारवलेले लोणी आणीत. तपासनीस लोखंडी गिरमिट पिपाच्या पोटात घालून नमुना काढी, वास घेई, चव घेई आणि प्रत ठरवी. पीप कोणाचे आहे हे त्याला कळू नये अशी व्यवस्था होती; त्यामुळे कॉर्कच्या शिक्क्यावर दूरदूरच्या देशांचा विश्वास बसला. हे लोणी वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांपर्यंत जाई. आज त्या जागी लोण्याचे संग्रहालय आहे. तेथील रव्या आणि लाकडी भांडी पाहताना माझ्या मनात आले, की पिपावर नाव शेतकऱ्याचे असे, शिक्का पेठेचा असे, नफा व्यापाऱ्याचा असे. पण धार काढणे, साय धरणे, घुसळणे, धुणे आणि मीठ मळणे हे सगळे काम घरच्या बायकांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राच्या दुग्धशाळा निघाल्या, डेन्मार्कचे लोणी बाजारात आले आणि हे घरचे काम बायकांच्या हातून गेले. पेठ १९२४ साली बंद झाली.

या वैभवाला लागूनच एक भयंकर गोष्ट आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. गरीब कुळांचे सारे अन्न म्हणजे बटाटा. धान्य आणि लोणी विकून जमीनदाराचा खंड भरायचा आणि स्वतः बटाटे खाऊन राहायचे, अशी त्यांची स्थिती होती. पीक एकदा गेले, पुन्हा गेले. १८५२ पर्यंत दुष्काळ हटला नाही. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची वस्ती ८१ लाखांवर होती. १८५१ साली ती ६५ लाखांवर आली. आणि याच वर्षांत कॉर्कच्या धक्क्यावरून लोण्याची पिपे परदेशी जातच होती! देश उपाशी असतो तेव्हा देशात अन्न नसतेच असे नाही. ते विकत घेण्याचे बळ उपाशी माणसाजवळ नसते. हा धडा आपणा हिंदी लोकांना नवा नाही.

कॉर्कपासून पश्चिमेला बसने दोन तासांवर स्किबरीन नावाचे गाव आहे. दुष्काळात या भागाचे जे हाल झाले त्यांची वर्णने तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांत आली. गावाबाहेर नदीकाठी ॲबीस्ट्रूरीची दफनभूमी आहे. तेथे हिरवळीचा एक सपाट तुकडा राखलेला आहे. थडगी नाहीत, दगड नाहीत. त्या गवताखाली आठ ते दहा हजार माणसे एकत्र पुरलेली आहेत. शवपेट्या पुरेनात, तेव्हा तळाला बिजागरी बसविलेली पेटी वापरीत. प्रेत खड्ड्यात सोडायचे आणि तीच पेटी पुढच्यासाठी न्यायची. मी तेथे गेले तेव्हा कोणी नव्हते. नदीचा आवाज येत होता. आठ-दहा हजारांतील एकाचेही नाव वाचायला मिळू नये, ही गोष्ट मनाला फार लागली. पुढे जे काही पाहिले ते या नाव नसलेल्या गवताच्या आठवणीवरूनच मी पाहत गेले.

जे मेले नाहीत ते गेले कोठे, हे पाहायचे तर कॉर्कहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत कोव्ह गाठावे. कॉर्कचे हे नैसर्गिक बंदर जगातील मोठ्या बंदरांत मोडते, आणि त्याच्या मुखाजवळच्या बेटावर कोव्ह वसलेले आहे. १८४९ साली व्हिक्टोरिया राणी येथे उतरली म्हणून त्याचे नाव ‘क्वीन्सटाउन’ ठेवण्यात आले. स्वातंत्र्याच्या लढ्यात, १९२० साली, गावकऱ्यांनी जुने नाव परत घेतले. डोंगराच्या उतारावर रंगीत घरांची उभी रांग, तिच्या डोक्यावर सेंट कोलमनचे उंच देऊळ आणि खाली निळे-करडे पाणी. चित्र मोठे मनोहर आहे. पण १८४८ ते १९५० या काळात आयर्लंड सोडून गेलेल्या सुमारे साठ लाख माणसांपैकी पंचवीस लाखांनी येथूनच शेवटचा पाय उचलला. आयर्लंडचे जे अखेरचे त्यांना दिसले ते हेच चित्र.

युरोपातील इतर देशांतून परदेशी जाणारे बहुधा पुरुष असत. बायका मागाहून जात. आयर्लंडचे तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका, आणि त्यांतल्या बहुतेक अठरा-वीस वर्षांच्या अविवाहित मुली असत. हुंडा नाही म्हणून लग्न नाही, आणि जमीन एकाच मुलाला जाणार म्हणून घरी जागा नाही. मग एक बहीण अमेरिकेस जाऊन कोणाच्या तरी घरी स्वयंपाकाला किंवा झाडलोटीला राही, पैसे साठवी आणि धाकटीचे तिकीट पाठवी. धाकटी जाऊन तिसरीचे पाठवी. ‘अमेरिकेचे पत्र’ म्हणजे पैशाचे पत्र, असाच खेड्यांतून अर्थ होता. किती घरांचा खंड आणि किती धाकट्या भावांच्या शाळा या मोलकरीण मुलींच्या पगारावर निभावल्या!

जायच्या आदल्या रात्री घरी जागरण होई. आयर्लंडमध्ये मयताजवळ रात्रभर शेजारपाजाऱ्यांनी बसून जागविण्याची चाल आहे. तीच चाल जाणाऱ्या जिवंत मुलीसाठी पाळीत, आणि तिला ‘अमेरिकेचे जागरण’ म्हणत. रात्रभर गाणी, नाच, चहा. आणि पहाटे म्हाताऱ्या बायका मयतावर रडावे तसे सूर धरून रडत. कारण गेलेली परत येत नसे, हे सर्वांना ठाऊक होते. आई जिवंत मुलीचे सुतक धरी! आज माझ्या मुलीचा चेहरा मला रोज रात्री दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो. त्या आयांना काय दिसत असेल? डोंगराच्या वळणावर लहान होत जाणारी गाडी, आणि मग काही नाही.

कोव्हच्या धक्क्यावर एका मुलीचा पुतळा आहे. डोक्याला टोपी, हातात लहानशी पेटी, बरोबर दोन धाकटे भाऊ. त्यांतला एक समुद्राकडे बोट दाखवितो आणि ती मात्र मागे वळून पाहते. ही कॉर्कची ॲनी मूर. आईवडील आधीच न्यूयॉर्कला गेलेले. सतरा वर्षांची ॲनी अँथनी आणि फिलिप या भावांना घेऊन १८९१ च्या डिसेंबरात ‘नेवाडा’ नावाच्या आगबोटीतून निघाली. न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावर येणाऱ्यांची नोंद करणारे नवे ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी उघडले, आणि तेथे पहिले नाव ॲनीचे लागले. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट दिले. एवढ्यावर ती इतिहासात गेली.

आणि तेथेच हरवली. तिचे पुढे काय झाले, हे शंभर वर्षे कोणी नीट पाहिले नाही. टेक्सासात राहून अपघातात मेलेल्या दुसऱ्याच एका ॲनी मूरचे चरित्र तिच्या नावावर चिकटविले गेले होते. २००६ साली वंशावळी तपासणाऱ्यांनी जुनी दप्तरे शोधून खरी हकीकत उजेडात आणिली. ॲनीने न्यूयॉर्क कधी सोडलेच नव्हते. तिने तेथेच दाटीच्या गरीब वस्तीत संसार केला. तिला दहाच्या वर मुले झाली आणि त्यांतली निम्मीअधिक लहानपणीच गेली. १९२४ साली, पन्नाशीच्या आसपास, ती वारली. क्वीन्स भागातील दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडदेखील नव्हता. तो २००८ साली बसला. म्हणजे १९९३ साली कोव्हच्या धक्क्यावर राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते तिचा पुतळा उभा राहिला, तेव्हा ती स्वतः निनावी मातीखाली पडलेली होती. आपण बायकांचे पुतळे उभारतो, पण त्यांचे आयुष्य कोणी लिहून ठेवीत नाही. याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

याच मेरी रॉबिन्सनबाई १९९० साली आयर्लंडच्या पहिल्या स्त्री-राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या निवासाच्या खिडकीत परदेशी गेलेल्या साऱ्या आयरिश माणसांसाठी एक दिवा लाविला. वाट चुकलेल्याला घर दिसावे म्हणून खिडकीत दिवा ठेवणे ही त्या देशातील जुनी रीत आहे.

कोव्हने दोन प्रसिद्ध आगबोटी पाहिल्या. ११ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ येथे थोडा वेळ नांगरली. १२३ उतारू तिच्यावर चढले आणि त्यांत बहुतेक तिसऱ्या वर्गाचे होते. ७ मे १९१५ रोजी किन्सेलच्या भूशिराजवळ जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ फोडली. अठरा मिनिटांत ती बुडाली आणि सुमारे बाराशे माणसे गेली. मिळालेली प्रेते व जगलेली माणसे कोव्हला आणली. गावच्या जुन्या दफनभूमीत त्यांचे मोठे खड्डे आहेत. पुष्कळांची ओळख पटलीच नाही. बंदराच्या मध्यावरचे स्पाइक बेटही मी पाहिले. १८४७ साली, ऐन दुष्काळात, तेथे तुरुंग उघडला. त्या वर्षांत पोटासाठी चोरी करून किती जण तेथे गेले असतील! तो किल्ला इंग्रजांनी सोडला तो १९३८ साली.

जाणाऱ्यांची गोष्ट ही झाली. आता मागे राहिलेल्यांचे काय?

मागे राहून उभ्या राहिलेल्यांत पहिले नाव नॅनो नेगल या बाईचे घेतले पाहिजे. तिचा जन्म १७१८ चा. त्या काळी इंग्रजी कायद्याने कॅथलिकांना शाळा चालविण्याची बंदी होती. नॅनो श्रीमंताघरची, पॅरिसला शिकलेली. कॉर्कच्या गल्ल्यांतील मुलांना अक्षरओळख नाही हे पाहून तिने १७५० नंतरच्या दशकात एका लहानशा घरात चोरून शाळा काढली, आणि हळूहळू मुलामुलींच्या अनेक शाळा उभ्या केल्या. दिवसा शाळा, आणि रात्री कंदील घेऊन आजारी व म्हाताऱ्यांच्या समाचाराला गल्लीबोळांतून हिंडणे, असा तिचा क्रम होता. म्हणून लोक तिला कंदिलाच्या बाई म्हणत. १७७५ साली तिने ‘प्रेझेंटेशन’ नावाचा जोगिणींचा संघ स्थापिला. याच संघाच्या भगिनी १८४२ साली मद्रासेस आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. डग्लस स्ट्रीटवरील तिच्या जुन्या मठात आता उत्तम संग्रहालय असून मागच्या बागेत तिची समाधी आहे. मी तेथे बराच वेळ बसले.

तिच्याच संघाच्या एका मठाची गोष्ट आपल्या शिवणवर्गाच्या भगिनींना आवडेल. कॉर्कच्या पूर्वेला यॉल नावाचे किनाऱ्यावरील गाव आहे. दुष्काळात तेथील प्रेझेंटेशन मठापुढे उपाशी मुलींची गर्दी होऊ लागली. मदर मेरी ॲन स्मिथ या भगिनीला वाटले, शिध्याने आज भागेल, उद्याचे काय? तिच्याजवळ जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा होता. तिने तो टाका टाका उसवून पाहिला, प्रत्येक टाका कसा घातला आहे हे समजून घेतले, आणि मग मुलींना शिकविले. नुसती सुई आणि दोरा, चातीदेखील नाही. १८५२ साली लेसची रीतसर शाळा निघाली आणि ‘यॉलची लेस’ हे नाव युरोपभर झाले. १९११ साली इंग्लंडच्या मेरी राणीसाठी पोशाखाचा लांब पदर याच मठात विणला गेला. मी तेथील लेस भिंगातून पाहिली. इतके बारीक टाके घालणाऱ्या पहिल्या मुली एके काळी पोटात अन्न नसलेल्या होत्या, हे मनातून जात नव्हते. शहराजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन मठातही त्याच वर्षांत क्रोशाचे काम शिकवू लागले, आणि आयरिश क्रोशाने हजारो घरांत चूल पेटविली.

विद्येच्या क्षेत्रातही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १८४९ साली कॉर्कच्या कॉलेजात जॉर्ज बूल हा गणिताचा पहिला प्राध्यापक होऊन आला. आजच्या संगणकाचे गणित त्याच्याच तर्कशास्त्रावर उभे आहे. त्याची बायको मेरी ही आपल्याकडे मोजणीचे काम केलेल्या सर जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. त्याच एव्हरेस्टचे नाव इंग्रजांनी गौरीशंकराच्या शेजारच्या शिखराला दिले. १८६४ च्या डिसेंबरात बूल पावसात भिजून आजारी पडला आणि गेला. मेरीच्या पदरी पाच मुली, आणि धाकटी तर काही महिन्यांची. ती लंडनला जाऊन मुलींच्या कॉलेजात ग्रंथालयाचे काम करू लागली आणि पुढे मुलांना गणित कसे शिकवावे यावर तिने पुस्तके लिहिली. पाच मुलींपैकी अलिशियाने कोणतीही पदवी नसता चार मितींच्या भूमितीत शोध लाविले, लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि धाकटी एथेल कादंबरीकार झाली. तिघीही कॉर्कमध्ये जन्मलेल्या.

आता १९२० सालाकडे वळते, कारण तेथे कॉर्कचा आपल्या देशाशी जिव्हाळ्याचा संबंध येतो. स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. मार्च महिन्यात शहराचे लॉर्ड मेयर टॉमस मॅककर्टन यांना रात्री घरात शिरून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या जागी टेरेन्स मॅकस्वीनी आले. ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. त्यांनी अन्न वर्ज्य केले आणि ७४ दिवसांच्या उपवासानंतर २५ ऑक्टोबर रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात त्यांनी देह ठेविला. डिसेंबरात सरकारी पलटणींनी शहराचा मध्यभागच जाळला. नगरभवन आणि ग्रंथालय राख झाले. या हौतात्म्याने हिंदुस्थानातील तरुण भारले गेले. १३ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपवासानंतर जतीन्द्रनाथ दास गेले, तेव्हा मॅकस्वीनी कुटुंबाकडून दुःखाची आणि अभिमानाची तार आली. टेरेन्स यांची बहीण मेरी ही शिक्षिका. चळवळीपायी तिची नोकरी गेली, तेव्हा तिने १९१६ साली बहिणीबरोबर स्वतःची मुलींची शाळा काढली. भावाच्या मृत्यूनंतर अमेरिकाभर फिरून व्याख्याने दिली आणि १९२१ साली कॉर्कची प्रतिनिधी म्हणून ती निवडून आली. नव्या नगरभवनासमोर उभी राहून मी मनोमन दोघा भावंडांना नमस्कार केला.

सोसलेल्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर मला याच किनाऱ्यावर दोन ठिकाणी मिळाले.

यॉलला जाताना वाटेत मिडलटन लागते. तेथील बागेत पोलादाची नऊ प्रचंड पिसे वर्तुळात उभी आहेत. १८४७ साली अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी जमातीने आयर्लंडच्या भुकेल्यांसाठी १७० डॉलर गोळा करून पाठविले. ही जमात स्वतः सोळा वर्षांपूर्वीच आपल्या भूमीतून हुसकली गेली होती आणि वाटेत तिची हजारो माणसे मेली होती. त्यांचे आपले पोट भरत नव्हते, पण भूक म्हणजे काय हे त्यांना कळत होते. त्या दुष्काळासाठी आपल्या कलकत्त्यासही निधी जमला होता. चॉक्टॉंच्या त्या देणगीचे स्मारक म्हणून २०१७ साली ही पिसे लोकार्पण झाली. आणि २०२० च्या साथीत अमेरिकेतील नावाहो व होपी या दुसऱ्या आदिवासी जमाती संकटात सापडल्या, तेव्हा हजारो आयरिश लोकांनी जुन्या ऋणाची आठवण ठेवून पैसे पाठविले. पावणेदोनशे वर्षे उपकार विसरायचा नाही, हे लहान काम नव्हे.

दुसरे ठिकाण अगदी पश्चिमेला आहे. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बाँबस्फोटाने या किनाऱ्यापुढच्या समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. बहुतेक कॅनडात स्थायिक झालेली भारतीय कुटुंबे. मुलांना सुट्टीत आजी-आजोबांकडे घेऊन निघालेली. १३१ प्रेते हाती लागली. ती कॉर्कच्या मोठ्या रुग्णालयात आणली गेली. देशोदेशींहून नातेवाईक आले. तेव्हा कॉर्कच्या लोकांनी त्यांना आपल्या घरी नेले, जेवू घातले, ओळख पटविण्याच्या त्या भयंकर खोलीच्या दारापर्यंत परिचारिका हात धरून गेल्या. अहाकिस्ता नावाच्या खेड्यात, समुद्राकाठी, एका वर्षाच्या आत स्मारक झाले: छायाघटिका, दगडी भिंत आणि तिच्यावर सगळी नावे. दर वर्षी २३ जूनला गावकरी तेथे जमतात. त्या वर्षी मीही मुलीबरोबर गेले होते. भिंतीवर आपल्याकडची नावे वाचली. एकाच आडनावाखाली चार-चार, पाच-पाच नावे. एक गावकरीण फुले ठेवीत होती. तिच्या घरचे त्यांत कोणीच नव्हते. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "त्यांची माणसे लांब राहतात ना, म्हणून आम्ही येतो."

एवढ्या साध्या वाक्यात त्या किनाऱ्याचा सारा इतिहास आला आहे. ज्यांच्या पोटची मुले परक्या मुलखात निनावी मातीत गेली, त्यांनी परक्यांच्या मुलांची नावे दगडावर कोरून जपली.

भगिनींनो, आपल्या मंडळातही आज कितीतरी जणींची मुले परदेशी आहेत. त्यांच्या काळजीने आपण व्याकूळ होतो, ते स्वाभाविकच आहे. पण जाणाऱ्यांची खबर ठेवणे जितके आवश्यक, तितकेच राहिलेल्यांचे आयुष्य नोंदणेही आवश्यक आहे. मंडळाच्या दप्तरात वर्गणीची वही आहे, सभांची इतिवृत्ते आहेत. त्यांच्याजोडीने आणखी एक वही घालावी, अशी मी या वर्धापनदिनी सूचना करते. तिच्यात प्रत्येक सभासद भगिनीने आपले माहेरचे नाव, जन्मगाव, शिक्षण, केलेले काम, सोसलेले दिवस आणि कोणाला कोठे निरोप दिला हे चार पानांत लिहावे. जिला लिहिता येत नाही तिचे दुसरीने लिहून घ्यावे. ज्येष्ठ भगिनींपासून आरंभ करावा, कारण वेळ थोडा आहे. वही मी आणून देते, आणि पहिल्या महिन्याचे लिहून घेण्याचे कामही मी पत्करते.